पंधरा क्लब एका सेमिस्टरमध्ये? आधी तीन चालवून बघा

तुमचा प्रश्न परत एकदा माझ्या शब्दात लिहितो, म्हणजे माझी समजण्यात गडबड असेल तर सांगता येईल. तुम्ही एमबीए पहिल्या वर्षाला आहात, मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर. मॅनेजमेंट डिपार्टमेंटमध्ये ई-सेल, म्हणजे पोरांचा उद्योजकता कक्ष, आधीपासून आहे पण तिथं फक्त एमबीएचीच पोरं येतात, आणि आता सरांनी सांगितलंय की पंधरा डिपार्टमेंटमध्ये एकेक उद्योजकता क्लब काढा, सगळ्यांचं मिळून नेटवर्क करा, आणि ते याच सेमिस्टरमध्ये दिसलं पाहिजे. तुम्ही विचारताय की घटना कशी लिहायची, पदाधिकारी किती ठेवायचे आणि उद्घाटनाला कुणाला बोलवायचं.

क्लब काढणं अवघड नाहीये हो. पंधरा पत्रं, पंधरा एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सह्या, पंधरा व्हॉट्सॲप ग्रुप, एक उद्घाटन, आठवड्यात उरकतं सगळं. पुढच्या वर्षी तुम्ही प्लेसमेंटच्या मागं पळत असताना त्यातले किती क्लब बैठक घेतात हा खरा प्रश्न आहे, आणि त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे केमिस्ट्रीच्या क्लबनं कॉमर्सच्या क्लबशी बोलायचं तरी कशाला? बोलायचं कारणच नसलं तर नेटवर्क फक्त बॅनरवर राहतं. मी इथल्या कॉलेजांत आणि विद्यापीठाच्या कॅम्पसवर बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यावरून माझं मत असं झालंय की एका क्लबला दुसऱ्याची गरज पडली तरच नेटवर्क होतं, आणि ती गरज पडेल अशी सोय करणं हेच तुमचं काम. घटना, पदाधिकारी, उद्घाटन हे सगळं त्याच्या मागून आलं तरी चालतंय.

आता काही गोष्टी तुमच्या तिथल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या आधीच सांगून टाकतो. कॅम्पसवर नुसतं पीजी असेल तर पोरगं तुमच्या हाताला जेमतेम वर्षभर लागतं, कारण पहिलं सेमिस्टर ॲडमिशनच्या राउंडमध्येच निम्मं जातं आणि शेवटचं परीक्षा-प्रोजेक्टमध्ये. इंजिनिअरिंग, फार्मसी किंवा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स असेल तर तुमचं नशीब, तिथली पोरं जास्त टिकतात. होस्टेल आत आहे का बाहेर, यानंही लई फरक पडतो. आणि वरचे साहेब किती बाजूने आहेत यानं पडतो तेवढा कशानंच पडत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठात नवोपक्रम आणि नवसंशोधनाच्या कामासाठी एक मंडळ आणि संचालक असतात, तुमच्या सरांनी त्यांना विचारलंय का ते आधी बघा. नसेल विचारलं तर पंधरा एचओडींच्या दारात जाण्याआधी त्या एका दारात जा. एका परिपत्रकानं महिन्याची पायपीट वाचते.

पंधराच्या ऐवजी तीन म्हणतोय ते का, ते एका उदाहरणानं सांगतो. एका कॅम्पसवर फूड टेक्नॉलॉजीला धारूरकडची एक मुलगी होती, घरची सीताफळाची झाडं, बालाघाटच्या डोंगरात असतात तशी. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून अधिकृत ओळख, मिळालं, पेपरात फोटो वगैरे आले, पण फळ एकदा पिकायला लागलं की दोन-तीन दिवसांत विकावंच लागतं त्यामुळं भाव व्यापारीच ठरवतो, मानांकन असो का नसो. तिचं म्हणणं होतं की गर काढून विकायचा. डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये तिनं बरंच काम केलं होतं. गर हवेला लागला की काळपट पडतो, आणि टिकवायला तापवावा तर कडवट होतो, म्हणून तो गोठवूनच ठेवावा लागतो, एवढं सगळं तिला पक्कं माहीत. पण किती रुपये किलोनं परवडेल म्हणलं की गाडी बंद. मग कॉमर्सच्या दोन पोरांना तिच्याबरोबर बसवलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला की साल-बिया जाऊन गर किती उरतो? निम्म्याहूनही कमी. आणि तिनं सगळा हिशोब अख्ख्या फळाच्या वजनावर धरलेला. डीप फ्रीजरचं लाईट बिल, डबे, गावाकडून शहरापर्यंतचं भाडं हे सगळं मांडल्यावर जो आकडा आला तो बघून ती जरा हिरमुसली, पण निदान विकायचं कुणाला नाही ते तरी कळलं. घरोघरी अर्धा किलोची पाकिटं विकून हे जमणार नव्हतं, रबडी-आईस्क्रीमवालेच गाठायला पाहिजे होते. आता ते कोण गाठणार? उर्दू डिपार्टमेंटमधल्या एका पोराच्या मामाचं सिटी चौकाकडं आईस्क्रीमचं दुकान निघालं. तो मामा म्हणाला सॅम्पल आणा, आणि त्यानं चाखून जे दोन दोष काढले ते लॅबमध्ये कुणालाच दिसले नव्हते.

यात बघा, उर्दू डिपार्टमेंट हे तुमच्या यादीत उद्योजकता क्लब म्हणून बहुतेक शेवटी असेल, किंवा नसेलच. पण तीन डिपार्टमेंट खरोखर एकमेकांना लागली ती त्या एका कामात. त्यासाठी कुणी एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, केला नव्हता.

म्हणून सुरुवातीला तीन अशी डिपार्टमेंट निवडा ज्यांच्याकडं वेगवेगळ्या वस्तू आहेत. एकाकडं काहीतरी बनवायची ताकद पाहिजे (फूड, केमिकल, बॉटनी, फॅशन, जे असेल ते), एकाकडं हिशोब, आणि एकाकडं दाखवायची कला म्हणजे पत्रकारिता, फाईन आर्ट, प्रिंटिंग असं काही. कॉम्प्युटर सायन्स मी मुद्दाम पहिल्या तिनात घेत नाही, पटणार नाही तुम्हाला पण सांगतो. ती पोरं हुशार असतात पण प्रत्येक प्रश्नावर त्यांचं उत्तर ॲप हेच असतं, आणि पहिल्याच महिन्यात सगळं नेटवर्क एका ॲपच्या मागं लागतं जे कुणी मागितलेलं नसतं. चार महिन्यांनी घ्या त्यांना, तोपर्यंत बाकीच्यांकडं खरी कामं साठलेली असतील.

या तिघांना जोडायचं कसं, तर आमच्याकडं एक साधी पद्धत आहे, तिला आम्ही पाहिजे-आहे म्हणतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास. प्रत्येक क्लबनं उभं राहून दोनच गोष्टी सांगायच्या, आम्हाला काय पाहिजे आणि आमच्याकडं काय आहे. "लेबल डिझाईन करणारं कुणी पाहिजे." "आमच्याकडं वजनकाटा आहे, शनिवारी रिकामा असतो." "जालन्याला रोलिंग मिलमध्ये कुणाची ओळख आहे का?" "आमच्या मेसवाल्या काकूंना शनिवारी रात्री किती पोरं गावाकडं न जाता जेवायला थांबणार ते आधी कळायला पाहिजे." भाषण नाही, पीपीटी नाही, प्रेरणादायी काहीच नाही. कुणी "मी करतो" म्हणलं की त्याचं नाव आणि तारीख रजिस्टरमध्ये लिहायची, आणि पुढच्या आठवड्यात सुरुवात त्या यादीनंच करायची की झालं का नाही. पहिले तीन-चार आठवडे लई ओशाळवाणं वाटतं, कुणाला काय मागावं कळत नाही, अर्धी पोरं "आम्हाला मार्गदर्शन पाहिजे" एवढंच म्हणतात. मार्गदर्शन हा शब्द त्या बैठकीत चालणार नाही असं सरळ सांगा. वस्तू मागा, माणूस मागा, तासभर जागा मागा.

अर्धा तास म्हणजे अर्धाच तास, हे जरा कडक पाळा. कारण तुमची स्पर्धा दुसऱ्या कुठल्या क्लबशी नाहीये, अभ्यासिकेशी आहे. आपल्याकडं होस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत एमपीएससी नाहीतर पोलीस भरती चालू असते आणि त्यात काही चूक नाही, घरी कापूस-सोयाबीनवर भरवसा नसताना आईबापाला सरकारी नोकरी हवी वाटणारच. त्या पोरांना "नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा" असलं काही ऐकवू नका, चिडतात आणि बरोबर चिडतात. अर्धा तास ये, तुला जे येतं ते दे, परत अभ्यासाला जा, एवढंच म्हणा. त्यातलीच काही पोरं पुढं सगळ्यात भरवशाची निघतात.

वेळेचं अजून एक. संध्याकाळी सातला बैठक ठेवली की मुली गेल्याच समजा, कारण मुलींच्या होस्टेलची वेळ असते, आणि ज्या रोज गावाकडून एसटीनं ये-जा करतात त्या चारच्या गाडीनं निघतात. शुक्रवारी दुपारी ठेवली की नमाजाला जाणारी पोरं सुटतात. शनिवार तर विसराच, निम्मं होस्टेल गावाकडं. आम्ही बुधवारी दुपारच्या सुट्टीत घ्यायचो, डबे खात खात, आणि त्यानं हजेरी जी वाढली ती कुठल्या पाहुण्याच्या नावानं वाढली नव्हती.

आता माणसं कुठून शोधायची. पोस्टर लावून "उद्योजक बनायचंय?" असं विचारलं की पहिल्या बाकावरची, सर्टिफिकेट जमवणारी पोरं येतात. ती वाईट नसतात, पण धंदा करणारी पोरं आधीच धंदा करत असतात आणि त्याला ती धंदा म्हणत नाहीत. लग्नसराईत केटरिंगची पोरं पुरवणारा असतो, जुने मोबाईल घेऊन-विकणारा असतो, टेलिग्रामवर नोट्स विकणारा असतो, ब्लाऊज शिवून देणारी असते, पैठणहून साड्या आणून लेडीज होस्टेलवर हप्त्यानं देणारी असते. यांना स्टार्टअप म्हणलं की ती लांब पळतात, त्यांना वाटतं हे इंग्रजीवाल्यांचं काम आहे. होस्टेलच्या वॉचमनला, झेरॉक्सवाल्याला आणि मेसवाल्या काकूंना विचारा की कोण काय विकतंय, दोन दिवसांत यादी तयार होते. दुसरी जागा म्हणजे जयंती मंडळं. १४ एप्रिल किंवा १९ फेब्रुवारीला ज्यांनी वर्गणी गोळा केली, पावत्या फाडल्या, पोलिसांची परवानगी काढली, साऊंडवाल्याशी घासाघीस केली आणि शेवटी जमाखर्च मंडळासमोर वाचून दाखवला, त्यांना तुम्ही मॅनेजमेंटचं काय शिकवणार? त्यांनाच क्लबचं समन्वयक करा. विद्यार्थी संघटनांमध्येही असली पोरं भरपूर असतात, घ्या त्यांना, फक्त माणूस म्हणून घ्या आणि झेंडा-बॅनर बाहेर ठेवायचं पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवा, नंतर ठरवायला गेलात तर भांडण होतं.

पैशाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाही, पण मी बघितलेले बहुतेक क्लब पैशावरूनच मोडले. फार मोठी रक्कम नसते, पण कार्यक्रमाचे पैसे कुणाच्या तरी खासगी फोनपेवर गोळा होतात, त्याच खात्यातून त्याची मेसही जाते, आणि महिन्याभरानं हिशोब लागत नाही. पोरगं प्रामाणिक असलं तरी बदनाम होतं. पहिल्या वर्षी नेटवर्कच्या नावानं पैसाच धरू नका हे माझं स्पष्ट मत. ज्याचा स्टॉल त्याचा गल्ला, ज्याचा माल त्याचा हिशोब. जे थोडंफार सामायिक लागेल ते डिपार्टमेंटच्या खात्यातून, शिक्षकांच्या सहीनं, तीन कोटेशन लावून, वेळ लागला तरी लागू द्या. स्पॉन्सरही जपून घ्या. आपल्याकडं सगळ्यात आधी पैसे घेऊन येतात ते कोचिंग क्लासवाले, आणि मग तुमच्या उद्योजकता मेळाव्याच्या कमानीवर मोठ्या अक्षरात सरळसेवा भरतीची नवी बॅच लागते.

विकायचं कुठं, तर वर्षातून एकदा मेळावा घेण्यापेक्षा पंधरा दिवसांनी एकदा छोटा बाजार भरवा, गावाकडं आठवडी बाजार असतो तसा, ठरलेली जागा, ठरलेला वार. मेळाव्यात नातेवाईक आणि शिक्षक भिडेखातर विकत घेतात, त्यातून काही कळत नाही. पंधरा दिवसांनी तोच गिऱ्हाईक परत आला का, हे बाजारातच कळतं. खायचं विकणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी छोट्या विक्रेत्यालाही लागते, ऑनलाईन होते, फी अगदी कमी आहे, ते एकदा सगळ्यांचं करून घ्या नाहीतर पहिल्याच तक्रारीला प्रशासन सगळा बाजार बंद करील. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. आणि कंपनी काढायची घाई कुणाला करू देऊ नका. दोन हजाराची विक्री नाही आणि प्रायव्हेट लिमिटेड काढून बसलेली पोरं मी बघितलीत, दरवर्षीचं कंप्लायन्स (कायद्यानं भरायचे कागद) आणि सीएची फी भरता भरता जीव जातो.

शिक्षकांचं काय करायचं हा नाजूक विषय. प्रत्येक क्लबला एक शिक्षक लागतोच, हॉलची चावी, लॅब, सही, सगळं त्यांच्याच हातात. पण त्यांनाही काहीतरी मिळायला पाहिजे ना. शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलनं २०१८ पासून कॉलेजांत इन्स्टिट्यूशन इनोव्हेशन कौन्सिल सुरू केलेत, त्यांचं ॲक्टिव्हिटी कॅलेंडर असतं, रिपोर्ट अपलोड करावे लागतात, स्टार मिळतात, आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फाईलीलाही तेच कागद कामाला येतात. तुमची बुधवारची बैठक आणि बाजार त्या कॅलेंडरमध्ये कुठं बसतो ते तुम्हीच बघून सरांना तयार रिपोर्ट आणून द्या, जिओटॅग फोटोसकट. सर खूष, आणि तुमच्यावर उगं आठवड्याला एक गेस्ट लेक्चर लादलं जात नाही. पण याच्या उलटं होऊ देऊ नका, म्हणजे फोटोसाठी कार्यक्रम. ते एकदा सुरू झालं की पोरांना लगेच कळतं आणि बुधवारची गर्दी ओसरते.

उद्घाटनाला कुणाला बोलवायचं, तर कुणालाच नाही असं मी म्हणेन, पण सर ऐकणार नाहीत हे मला माहितीये. मग निदान मोठ्या भाषणवाल्याऐवजी वाळूज किंवा चिखलठाण्यातला एखादा छोटा व्हेंडर बोलवा जो बजाजसारख्या मोठ्या कंपनीच्या साखळीत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर पार्ट बनवतो, आणि त्याला एकच विचारा की पेमेंट किती दिवसांनी येतं आणि तोपर्यंत पगार कसे करता. लातूर-नांदेडकडं असाल तर डाळ मिलवाला, जालन्याला बियाण्यातला माणूस, वसमतकडचा हळदीचा व्यापारी. संभाजीनगरात असाल तर सीएमआयए या तिथल्या उद्योजकांच्या संघटनेनं उभं केलेलं मॅजिक इन्क्युबेटर (नव्या धंद्यांना आधार देणारं केंद्र) आहे आणि एमसीईडीचं, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचं, तर मुख्यालयच तिथं आहे, पण तिथं "आम्हाला सहकार्य करा" असं पत्र घेऊन जाऊ नका, पाहिजे-आहेच्या रजिस्टरमधली अडलेली दोन-तीन कामं घेऊन जा. ठोस काम दिसलं की लोक वेळ देतात. आयआयटी मुंबईचं ई-सेल १९९८ पासून चालू आहे आणि सगळे त्यांचीच नक्कल करतात, समिट, पोस्टर, टी-शर्ट. त्यांच्याकडं माजी विद्यार्थी आणि कंपन्यांचा पैसा आहे, आपल्याकडं गावागावांतून आलेली, शेतमालाची आणि छोट्या धंद्याची माहिती असलेली पोरं आहेत. आपण त्यावरच उभं राहायला पाहिजे.

राहिला मुद्दा तुम्ही गेल्यानंतरचा. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन टीम निवडायची पद्धत बंद करा, तेव्हा जुने गेलेले असतात आणि नव्यांना काहीच माहीत नसतं. जानेवारीत पहिल्या वर्षाच्या पोरांमधून निवडा, मार्च-एप्रिलपर्यंत जुन्यांच्या शेजारी बसून त्यांनी सगळं चालवायचं, म्हणजे नवीन ॲडमिशन येतात तेव्हा हातात काहीतरी असतं. गुगल ड्राईव्ह आणि इन्स्टाग्राम कुणाच्या खासगी जीमेलवर काढू नका, डिपार्टमेंटच्या मेलवर काढा. एका हुशार पोराचा नंबर बदलला आणि सगळे फोटो, फॉर्म, याद्या गेल्या असं लई ठिकाणी झालंय. आणि कागदाचं रजिस्टर ठेवाच. हॉल कुणाला विचारल्यावर मिळतो, मंडपवाला किती घेतो, कुठल्या साहेबांकडं सकाळी जावं आणि कुठल्या साहेबांकडं जेवणानंतर, हे सगळं त्यात पाहिजे. हे ड्राईव्हवर कुणी लिहीत नाही, रजिस्टरमध्ये लिहितात.

संलग्न कॉलेजांचा विचार पहिल्या वर्षी डोक्यातून काढून टाका. संभाजीनगरच्या विद्यापीठाखाली चार जिल्हे आहेत, नांदेडच्याही चार, त्यात गेवराईपासून किनवटपर्यंत फिरत बसलात तर कॅम्पसवरचं मोडेल. दुसऱ्या वर्षी एकच जोडा, तुमचं उपकेंद्र, म्हणजे धाराशिव किंवा लातूर जे असेल ते. तिथं जाताना पण क्लब काढायला म्हणून जाऊ नका, इकडच्या रजिस्टरमध्ये त्या भागातलं काय पाहिजे म्हणून लिहिलंय ते घेऊन जा. भूम-परांड्याकडच्या खव्याचं कुणी काही करत असेल तर धाराशिवच्या पोरांशिवाय त्यांचं चालणारच नाही.

घटनेचं म्हणाल तर एक पान पुरे. कोण किती दिवस पदावर, पैसा कुणाच्या सहीनं, आणि भांडण झालं तर कुठल्या शिक्षकांकडं जायचं. सरांना पंधराचा आकडा पाहिजेच असेल तर बाकीच्या बारा डिपार्टमेंटमधून एकेक प्रतिनिधी घेऊन त्यांना बुधवारी बसवा. क्लब म्हणून बोर्ड लागायचा तेव्हा लागेल, माणूस तर पाहिजे-आहेत येऊन बसलेला असेल.

तुमचं विद्यापीठ कुठलं, पीजी-यूजी किती आणि मुलींचं होस्टेल किती वाजता बंद होतं एवढं खाली लिहा, मग कुठल्या तीन डिपार्टमेंटपासून सुरू करायचं ते नाव घेऊन सांगतो.